१६० पैकी ३

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात देशातील बी.टेक.ची प्रवेशक्षमता १४.९० लाखांवर पोचली. आदल्या वर्षी ती १३.४९ लाख होती, म्हणजे एका वर्षात १०.५ टक्के वाढ झाली. या १४.९० लाखांत तेलंगणच्या जागा १.४५ लाखांहून थोड्या अधिक, म्हणजे ९.८ टक्के होत्या. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत या राज्याचा वाटा २.९ टक्के होता. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तेलंगणात अभियांत्रिकीच्या जागा देशाच्या सरासरीच्या सव्वातीनपटीहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्य जागा हैदराबाद आणि भोवतालच्या जिल्ह्यांत आहेत.

या जागांची शाखावार फोड केली की चित्र बदलते. राज्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक जागा कॉम्प्युटर शाखेच्या आणि तिच्या उपशाखांच्या आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी जागांची कमाल मर्यादा उठवली आणि निदान तीन मूळ शाखा चालू ठेवण्याची अट घातली. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या शाखा टिकाव्यात म्हणून नियम करावा लागला, यावरूनच मागणीचा कल कळतो.

सिव्हिलच्या आत आणखी एक फोड आहे. परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक.साठी १६० श्रेयांक आहेत. इमारतीच्या सेवा, म्हणजे पाणी, सांडपाणी, वीज, वातानुकूलन, लिफ्ट आणि आग-सुरक्षा, हे सारे बहुतेक महाविद्यालयांत ३ श्रेयांकांच्या एका ऐच्छिक विषयात बसवलेले असते. १६० पैकी ३ म्हणजे १.९ टक्के, आणि तेही विद्यार्थ्याने तो विषय निवडला तर. सिव्हिलच्या गेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात लिफ्ट, वायरिंग किंवा वातानुकूलन नाही. ते आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगच्या गेटमध्ये आहे.

आता हीच गोष्ट इमारतीच्या बाजूने मोजू. राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ ची आवृत्ती १२ भागांची आहे. चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा, आठवा इमारत सेवांचा, नववा नळ आणि सांडपाण्याचा, बारावा बांधून झालेल्या इमारतीच्या देखभालीचा. म्हणजे १२ पैकी ४ भाग, एक-तृतीयांश, थेट सेवांचे आहेत. पहिल्या, १९७० च्या संहितेच्या काळात शहरातल्या सामान्य इमारतीत वर एक टाकी, खाली एक मीटरबोर्ड आणि मधे चार नळ असत. आज लिफ्ट बंद पडली तर तिसाव्या मजल्यावरचे घर वृद्धांसाठी घर राहत नाही.

हैदराबादेत तिसावा मजला ही आता नवलाची गोष्ट नाही. संयुक्त आंध्र प्रदेश सरकारने २००६ च्या शासन आदेश क्रमांक ८६ ने चटईक्षेत्र निर्देशांकाची (एफएसआय) मर्यादाच काढून टाकली. इमारत किती उंच न्यायची हे तेव्हापासून रस्त्याची रुंदी, भोवती सोडायची मोकळी जागा आणि विमानतळाची परवानगी यांवर ठरते. मुंबई-पुण्यात बिल्डर एफएसआय मोजतो, हैदराबादेत तो मीटर मोजतो. जमिनीच्या भावाने या उंचीला आणखी रेटा दिला. शहराच्या पश्चिमेला असलेल्या कोकापेटच्या जमीन-लिलावात जुलै २०२१ मध्ये एकरी सरासरी ४०.०५ कोटी रुपये मिळाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४५.३३ एकर जमीन ३,३१९.६ कोटींना गेली, म्हणजे एकरी ७३.२३ कोटी. दोन वर्षांत ८३ टक्के वाढ झाली. सर्वोच्च बोली १००.७५ कोटींची होती. सरासरी भावानेही १ चौरस मीटर जमीन १.८ लाख रुपयांची झाली. एवढी किंमत मोजल्यावर चार मजले बांधून कोणी थांबत नाही.

घरांचा बाजारही तेच सांगतो. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये हैदराबाद परिसरात ७६,६१३ घरांची नोंदणी झाली, आदल्या वर्षापेक्षा ७ टक्के अधिक. या घरांचे मूल्य ४७,१७३ कोटी रुपये होते, २३ टक्के अधिक. म्हणजे सरासरी घर ६१.६ लाखांचे, आणि सरासरी किमतीत सुमारे १५ टक्के वाढ. घरांची संख्या ७ टक्क्यांनी वाढते आणि पैसा २३ टक्क्यांनी, याचा अर्थ ग्राहक अधिक महाग घर घेत आहे. भाववाढ हे एक कारण आहेच. पण महाग घरात विटा अधिक नसतात. अधिक असतात त्या लिफ्ट, जनरेटर, पंप, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, एसीचे पाइप आणि स्प्रिंकलर.

इमारत-सेवांचे हे ज्ञान सुटे सुटे शिकवले तर काय होते, ते एका मजल्याच्या उंचीवरून पाहता येते. ऑफिसच्या इमारतीत स्लॅबच्या वरच्या पातळीपासून पुढच्या स्लॅबच्या वरच्या पातळीपर्यंत ३,६०० मिलिमीटर धरू. त्यात बीमची खोली ६००. बीमखालून जाणारा एसीचा डक्ट, त्याच्या आवरणासह, ४००. त्याखाली स्प्रिंकलर, दिवे आणि फॉल्स सीलिंग मिळून १५०. फरशी आणि तिच्याखालचा थर ५०. वजाबाकी केल्यावर माणसाच्या डोक्यासाठी उरतात २,४०० मिलिमीटर. वातानुकूलित खोलीसाठी संहितेने ठरवलेली किमान उंची नेमकी २.४ मीटर आहे. यात कुणाचीही ५० मिलिमीटरची चूक झाली तर इमारत नियमाबाहेर जाते.

बीम सिव्हिलवाला ठरवतो, डक्ट मेकॅनिकलवाला, दिवे इलेक्ट्रिकलवाला, सीलिंग आर्किटेक्ट. चौघांचे चार नकाशे साइटवर एकत्र येतात. डक्ट कुठून जाणार हे स्लॅब भरण्यापूर्वी ठरले असेल तर बीममध्ये स्लीव्ह सोडता येते आणि त्या भोकाभोवती जादा सळई घालता येते. ठरले नसेल तर स्लॅब पडल्यावर कोअर कटिंगचे मशीन येते. काँक्रीटला गोल भोक पडते आणि त्या वाटेत सळई आली तर तीही कापली जाते. उलट, चौघे आधीच एका टेबलाशी बसले आणि डक्टचा काही भाग बीममधून नेऊन प्रत्येक मजल्यावर १५० मिलिमीटर वाचवले, तर ३० मजल्यांवर ४.५ मीटर वाचतात. एका मजल्याहून अधिक. उंचीवर बंधन असलेल्या भूखंडावर हा मजला विकता येतो. समन्वय शिकवण्याला पैशात किती किंमत आहे, याचे यापेक्षा सोपे गणित माझ्याकडे नाही.

दुसरे उदाहरण जिन्याचे आहे, आणि त्यावर अधिक थांबले पाहिजे. आग लागल्यावर बहुतेक माणसे ज्वाळेने नाही, धुराने मरतात. म्हणून उंच इमारतीच्या बंद जिन्यात पंख्याने हवा भरून बाहेरच्यापेक्षा अधिक दाब ठेवायचा असतो, म्हणजे दार उघडले तरी धूर आत शिरत नाही. संहिता हा दाब ५० पास्कल सांगते. ५० पास्कल म्हणजे ५ मिलिमीटर पाण्याच्या थराचा दाब, बशीत सांडलेल्या चहाएवढा. पण १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दारावर तो १०५ न्यूटन, म्हणजे जवळपास ११ किलो वजनाएवढा जोर लावतो. दाराच्या कडेला हात लावून ढकलणाऱ्याला त्याच्या निम्मा, अधिक दार आपोआप मिटवणाऱ्या स्प्रिंगचा जोर पेलावा लागतो. दाब कमी पडला तर धूर आत येतो. जास्त झाला तर आजीला किंवा सात वर्षांच्या मुलाला दार उघडत नाही.

आता या ५० पास्कलवर कोणाचे नियंत्रण आहे? पंखा मेकॅनिकलवाला निवडतो. दार आणि त्याची फट आर्किटेक्टच्या तपशिलात असते. जिन्याच्या भिंतींना गिलावा नीट झाला का, केबलसाठी पाडलेली भोके बुजवली का, हे सिव्हिलचे काम. पंखा आगीत चालू राहील अशी वीज इलेक्ट्रिकलवाल्याने द्यायची. हवेचा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पंख्याची हवा तेवढीच राहिली आणि गळतीची जागा दुप्पट झाली, तर दाब निम्मा होत नाही, एक-चतुर्थांश होतो, ५० वरून १२.५ पास्कलवर येतो. इंटरनेटच्या केबलसाठी जिन्याच्या भिंतीत नंतर भोके पाडणाऱ्या वायरमनला हे कोणी सांगितलेले नसते. बहुतेक वेळा त्याच्यावरच्या इंजिनिअरलाही नाही.

हैदराबादच्या तीन आगींचे आकडे येथे ठेवावे लागतात. १२ सप्टेंबर २०२२, सिकंदराबाद : खाली इलेक्ट्रिक स्कूटरचे शोरूम, वर लॉज. धूर वर चढला, ८ मृत्यू. १६ मार्च २०२३, सिकंदराबादचे स्वप्नलोक कॉम्प्लेक्स : पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसात अडकलेले ६ तरुण गुदमरून गेले. १८ मे २०२५, चारमिनारजवळ गुलजार हौज भागातले एक घर : १७ मृत्यू, त्यांत ८ मुले. या घरात शिरायला सुमारे २ मीटर रुंदीची एकच वाट होती आणि वर जायला १ मीटर रुंदीचा एकच जिना, असे अग्निशमन विभागाने सांगितले. तीन घटना, ३१ माणसे, आणि तिन्हींत बहुतेक मृत्यू धुराने. तिन्हींत छप्पर कोसळल्याने कोणी गेले नाही. बीम आणि कॉलम टिकले. सिव्हिलच्या १६० श्रेयांकांतील मोठा वाटा ज्या विषयाला मिळतो, त्या विषयाने आपले काम केले होते.

कायद्यानेही सेवांना बांधकामाच्या बरोबरीने धरले आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेत, कामाच्या दर्जात किंवा सेवांच्या तरतुदीत दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा आहे. कलमात ‘सेवा’ हा शब्द स्पष्ट आहे. गळका पाइप आणि तडकलेला कॉलम कायद्यासमोर एकाच ओळीत उभे आहेत. अभ्यासक्रमात मात्र ते वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात.

हे एकत्र शिकवण्याची सामग्री हैदराबादेत नाही, असे नाही. उलट देशातील मोजक्या शहरांतच ती एवढी आहे. मासाब टँकचे जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स विद्यापीठ २००८ मध्ये जुन्या जेएनटीयूच्या विभाजनातून झाले, पण तिथल्या कलाशिक्षणाची मुळे १९४० पर्यंत जातात. या विद्यापीठाने ‘फॅसिलिटीज अँड सर्व्हिसेस प्लॅनिंग’ या नावाचा चार वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम चालवला. सेवा हा येथे ३ श्रेयांकांचा विषय नाही, पदवीचे नाव आहे. शामीरपेटला बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी निकमार आहे. ही संस्था १९८३ मध्ये मुंबईत सुरू झाली, पुण्याच्या बालेवाडीत वाढली आणि तिथून हैदराबादेत आली. माधापूरच्या बाजूला राष्ट्रीय बांधकाम अकादमी १९९८ पासून आहे. गवंडी, प्लंबर, वायरमन यांच्यापासून पदव्युत्तर पदविकेपर्यंतचे शिक्षण एकाच आवारात देणारी ती संस्था आहे. ट्रिपल आयटीत इमारतशास्त्रात माहिती-तंत्रज्ञान वापरण्याचे संशोधन चालते. बाहेर पाहिले तर अहमदाबादच्या सेप्टमध्ये बांधकाम तंत्रज्ञानाची स्वतंत्र पदवी आहे आणि दिल्लीच्या एसपीएमध्ये बिल्डिंग इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी.

शिक्षणासाठी हैदराबादेकडे होणारा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. उस्मानिया विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि राज्यात विद्यापीठ हे एकच होते. औरंगाबादला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले. म्हणजे १९५६ पर्यंत, जवळपास तीन दशके, मराठवाड्याच्या मुलाला आपल्याच राज्यात इंजिनिअर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. बांधणाऱ्या हातांचा प्रवास त्याच्याही आधीचा आणि उलट दिशेचा आहे. मुंबईच्या कामाठीपुऱ्याला ज्यांचे नाव आहे ते कामाठी याच तेलुगू मुलखातून बांधकामाच्या मजुरीला आलेले. मुंबईच्या इमारती तेलंगणच्या हातांनी उभ्या राहिल्या आणि मुंबईत निघालेल्या संस्थेने शंभराहून अधिक वर्षांनी बांधकामाचे व्यवस्थापन शिकवायला हैदराबादेत जागा घेतली.

शिकण्यासाठी नमुने शहरातच उभे आहेत. सीआयआय या उद्योगसंघटनेचे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाले. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस फूट. अमेरिकेबाहेर हरित इमारतींसाठीचे लीड प्लॅटिनम मानांकन मिळवणारी ही पहिली इमारत. तिचे सांडपाणी आवाराबाहेर जात नाही. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, नानकरामगुड्याला ॲमेझॉनचे ऑफिस उघडले. ९.५ एकर जमीन, १८ लाख चौरस फूट ऑफिसची जागा, १५,००० कर्मचाऱ्यांची क्षमता. पहिल्या इमारतीच्या ९० पट.

ॲमेझॉनच्या इमारतीचे जाहीर झालेले दोन आकडे वर्गात वापरण्याजोगे आहेत. पहिला लिफ्टचा : ४९ लिफ्ट, एका वेळी ९७२ माणसे. म्हणजे लिफ्टमागे २० माणसे. संहिता लिफ्टची क्षमता ‘५ मिनिटांत किती टक्के लोक हलवता येतात’ यावर मोजते. संमिश्र ऑफिससाठी १० ते १५ टक्के, एकाच संस्थेच्या ऑफिससाठी १५ ते २५ टक्के, निवासी इमारतीसाठी ७.५ टक्के. १५,००० चे १५ टक्के म्हणजे २,२५०. लिफ्ट सरासरी ८० टक्के भरते आणि सगळ्या लिफ्ट माणसांसाठीच आहेत असे धरले तर एका फेरीत ७७८ माणसे जातात. २,२५० माणसांना ५ मिनिटांत न्यायला प्रत्येक लिफ्टच्या २.९ फेऱ्या व्हायला हव्यात, म्हणजे वर जाऊन परत यायला १०४ सेकंद. एकाच संस्थेच्या ऑफिसची वरची मर्यादा, २५ टक्के, धरली तर हीच फेरी ६२ सेकंदांत बसवावी लागते. सगळे नऊ वाजता येणार की साडेआठ ते दहा या वेळेत येणार, हा मनुष्यबळ विभागाचा निर्णय लिफ्टच्या संख्येवर असा उतरतो.

दुसरा आकडा मजुरांचा आहे : ३९ महिने, रोज सरासरी २,००० कामगार, एकूण १.८ कोटी मनुष्यतास. महिन्याला २६ दिवस धरून भागाकार केला तर दिवसाला ९ तास येतात. आकडे एकमेकांशी जुळतात. ऑफिसच्या दर चौरस फुटामागे १० तास मजुरी. हे तास कोणाचे? नाइट फ्रँक आणि आरआयसीएस यांच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील बांधकामक्षेत्रात ७.१ कोटी माणसे आहेत आणि त्यांतील ८१ टक्के, म्हणजे ५.७५ कोटी, अकुशल. प्रशिक्षण घेतलेला माणूस पाचांत एक.

येथे आकडेवारीत एक विसंगती दिसते. २०२३-२४ मध्ये बांधकामक्षेत्र १०.४ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षीच्या श्रमशक्ती पाहणीत रोजगारातील बांधकामाचा वाटा १३.० टक्क्यांवरून १२.० टक्क्यांवर आला. २०२४-२५ मध्ये क्षेत्राची वाढ ९.४ टक्के होती, अर्थव्यवस्थेच्या ६.५ टक्क्यांपेक्षा जवळपास ३ टक्केबिंदूंनी अधिक. उत्पादन वाढताना रोजगारातील वाटा घटतो, यावरून माणसे कमी झाली असे म्हणता येत नाही, कारण एकूण कामगारही वाढले. पण प्रत्येक नवा रुपया पूर्वीइतक्या हातांना काम देत नाही, एवढे दिसते. खर्च यंत्रसामग्रीकडे आणि सेवांकडे सरकत असेल तर असेच दिसायला हवे. तो तसा सरकतो आहे, हे माझे अनुमान आहे. लिफ्ट कारखान्यात बनते आणि साइटवर फक्त बसवली जाते.

त्या बसवण्यालाच देखरेख करणारा माणूस लागतो. वीजबचतीचा हिशेबही असाच आहे. ऊर्जा बचत इमारत संहिता २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॅट किंवा अधिक वीजभाराच्या व्यावसायिक इमारतींना ती लागू होते. तिचे तीन स्तर सुमारे २५, ३५ आणि ५० टक्के वीजबचतीचे आहेत. पहिला स्तर चांगली काच आणि चांगले एसी घेऊन गाठता येतो. ५० टक्क्यांसाठी इमारतीची दिशा, खिडकीचा आकार, एसीचा भार आणि दिव्यांची मांडणी पहिल्या रेखाटनापासून एकत्र ठरवावी लागते. चार शाखांच्या चार इंजिनिअरना हे साइटवर शिकून करायला सांगणे आणि पदवीतच शिकवून पाठवणे, यांतील फरक या २५ टक्केबिंदूंचा आहे.

तेलंगण सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले. २०२८-२९ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छपरे उष्णता परावर्तित करणारी करायची आहेत, त्यांतील २०० चौरस किलोमीटर हैदराबाद परिसरात. छपराचा थर निवडणे, जलरोधन न फोडता तो लावणे, खालच्या खोलीचा एसीचा भार नव्याने मोजणे, हे सगळे ऐच्छिक विषयाच्या त्याच १.९ टक्क्यांत येते. २०२५ मध्ये पहिल्या वर्षात बसलेला विद्यार्थी २०२९ मध्ये बाहेर पडेल. ऐच्छिक विषय सहसा तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. तोपर्यंत धोरणाची मुदत संपत आलेली असेल.